पाऊण सेकंदाचं अंतराळ

घरात मी बाबांशी कागदावर बोलत असे. आमचं भांडण नव्हतं. बाबा अमरावतीला वकिली करत आणि त्यांच्या बैठकीत सदैव कोणी ना कोणी पक्षकार बसलेला असे. त्या अनोळखी माणसांसमोर उभं राहून काही मागायचं म्हटलं की मी दारातूनच परत फिरे. म्हणून मी चिठ्ठी लिहून त्यांच्या दौतीखाली ठेवू लागले. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, तेव्हा चिठ्ठी इंग्रजीत असे आणि तिची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी होई. बाबा समासात शेरा मारून ती परत करत. 'मंजूर.' 'नामंजूर, रंग भडक आहे.' 'मैत्रिणीचे वडील काय करतात, खुलासा व्हावा.'

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी लिहिलं की मला पुढे नागपूरला राहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायचं आहे. ही चिठ्ठी दोन दिवस परतच आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, तिच्यावर शेरा होता: 'अर्जदाराने तोंडी युक्तिवाद करावा. त्याशिवाय निकाल नाही.'

आईच्या मनात चांदूर बाजारचं एक स्थळ होतं. "जे काय ठरवायचं ते नाताळच्या सुट्टीत ठरवा, त्या लोकांना कळवायला हवं," असं तिने बाबांना माझ्यादेखत सांगितलं. म्हणजे तोंड उघडलं तर नागपूर, नाही उघडलं तर चांदूर बाजार. तेव्हाच्या माझ्या सवयी पाहता चांदूर बाजारचं पारडं बरंच जड होतं.

त्या सुट्टीत बाबा आणि मी अकोल्याला मामांकडे गेलो. मामा कापसातून सरकी काढून रुई करणाऱ्या एका जिनिंगचे व्यवस्थापक होते आणि जिनिंगच्या आवारातच त्यांचं घर होतं. हंगाम असल्यामुळे आवारात कापसाच्या घराएवढ्या गंज्या लागलेल्या. मामींच्या पोळीत रुईचा एखादा तंतू निघाला तर कोणी तक्रार करत नसे, तो बाजूला काढून जेवत. मामांना दोनच गोष्टींचं वेड होतं, कापसाचं आणि सिनेमाचं. त्यातही सिनेमावर त्यांची श्रद्धा अधिक होती, कारण कापूस फसवू शकतो असं त्यांचं म्हणणं होतं.

पोचलो त्याच संध्याकाळी ते आम्हाला मंगळावर जाणाऱ्या रॉकेटचा एक हिंदी सिनेमा दाखवायला घेऊन गेले. माणूस पृथ्वीभोवती फिरून आल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. कॉलेजच्या वाचनालयात येणाऱ्या एका इंग्रजी मासिकात मी त्याबद्दल मिळेल ते वाचलं होतं. तिथे पाणी पेल्यात राहत नाही, गोळा होऊन तरंगतं. पेन्सिल सोडली तर सोडली तिथेच राहते. माणसाला झोपताना स्वतःला बांधून घ्यावं लागतं. हे सगळं मी पुन्हा पुन्हा वाचून जवळजवळ पाठ केलं होतं.

सिनेमातल्या रॉकेटला खिडकी होती आणि खिडकीला पडदा होता. छताला पंखा होता. भिंतीवर खिळ्याला कॅलेंडर लटकत होतं, आणि पंख्याच्या वाऱ्याने ते हलतही होतं. नायक शास्त्रज्ञ होता, कारण त्याला चष्मा होता. नायिका बटाट्याच्या पोत्यामागे लपून रॉकेटमध्ये शिरली होती. पृथ्वी मागे पडल्यावर तिने किटलीतून चहा ओतला. चहाची धार सरळ कपात पडली. तिची वेणीही पाठीवर सरळ खाली लोंबत होती. मग गाणं सुरू झालं, आणि गाण्यापुरते दोघंही तरंगायला लागले, अगदी संथपणे, पिसासारखे. दोन दोऱ्या मला स्पष्ट दिसल्या. गाणं संपल्यावर दोघं खुर्च्यांवर बसून उरलेला चहा प्यायले.

माझ्या तोंडून निघालं, "चहा खाली कसा पडला?"

मी हे स्वतःशीच म्हटलं होतं, पण मामा शेजारी होते.

"म्हणजे?" ते म्हणाले. "चहा खाली नाही पडणार तर का वर पडन?"

मी पुन्हा पडद्याकडे पाहू लागले. पण घरी जेवताना मामांनी तो विषय काढलाच. "भाऊजी, तुमच्या पोरीले सिनेमा पटला नाही म्हणते. लाखो रुपये लावून बनवला त्यायनं. काहून पटला नाही, ते तर सांग ना बाई."

मी पोळीकडे पाहत म्हटलं की तिथे वजन नसतं.

"वजन नसते? मग गाण्यात तरंगले नाही का ते?"

"गाण्यात तरंगले. चहा पिताना नाही."

"चहा पिताना कोण तरंगते? सांडन ना!"

मामींनी तोंडाला पदर लावला. बाबा ताकाचा पेला खाली ठेवून माझ्याकडे पाहत होते. पक्षकार खोटं बोलतोय की खरं, हे ठरवताना ते तसे पाहत.

"उद्या रविवार," बाबा म्हणाले. "तुझा अर्ज प्रलंबित आहे. वजन नसतं म्हणजे काय आणि का नसतं, हे तू सगळ्यांसमोर मला पटवून द्यायचंस. बोलून, कागद चालणार नाही. मला पटलं तर नागपूर. मामा विरुद्ध पक्षाचे वकील."

मामा इतके खूश झाले की त्यांनी आणखी भात मागितला.

सकाळी उठून मी कामाला लागले. मला बोलायचं नव्हतं, म्हणून प्रयोगानेच बोलावं असा माझा बेत होता. तत्त्व सोपं होतं. वस्तू मोकळी पडत असते तेवढा वेळ तिच्या आतल्या सगळ्याचं वजन गेल्यासारखं होतं, कारण सगळं एकाच वेगाने पडत असतं. जिनिंगच्या आवारात एक लाकडी मचाण होतं. गंजी रचताना मजूर त्यावर उभे राहत. त्याच्या फळीपासून खालच्या कापसापर्यंत दहा-एक फूट. दहा फूट पडायला पाऊण सेकंद लागतो. म्हणजे मला पाऊण सेकंदाचं अंतराळ फुकट मिळणार होतं, आणि वस्तू कापसावर पडून फुटणारही नव्हती.

आधी मला मेणबत्तीचा प्रयोग करायचा होता. पडणाऱ्या बरणीतल्या ज्योतीचा आकार बदलतो असं मी वाचलं होतं. जिनिंगचे जुने मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणत, इंजिनाला तेल देत होते. मी त्यांच्याकडे मेणबत्ती मागितली.

"कशासाठी बेटी?"

"पेटवून कापसावर टाकायची आहे."

चाचा तेलाचा डबा घेऊन जमिनीवर बसले. जिनिंगमध्ये बिडीसुद्धा फाटकाबाहेर ओढतात, हे मला माहीत होतं. पण शास्त्राच्या नादात माहीत असलेलं कुठे जातं कोण जाणे. बरणीचं झाकण घट्ट असेल असं मी त्यांना सांगून पाहिलं. "झाकण तुझ्या डोक्याले लाव," असं ते अत्यंत प्रेमाने म्हणाले.

मग पाणी. तुपाच्या रिकाम्या डब्याला तळाशी चाचांनी खिळ्याने दोन भोकं पाडून दिली. पाणी भरलं की दोन धारा लागायच्या. डबा पडत असताना त्या थांबायला हव्या होत्या. न्यायाधीश म्हणून बाबा खुर्चीवर बसले. रविवारीही कापसातला कचरा वेचायला आलेल्या तीन-चार बाया कामं सोडून गोळा झाल्या. मी मचाणावर चढले, भोकांवरची बोटं काढली, धारा दाखवल्या आणि डबा सोडला.

धारा थांबल्या. मला दिसलं. डबा कापसात शिरला, थांबला, आणि मग सगळं पाणी एकदम बाहेर आलं.

"दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं!" मामा ओरडले. "कापूस भिजला!"

आता हे सांगायला हवं की त्या धंद्यात कापूस भिजवण्याइतकी बदनामीची गोष्ट दुसरी नाही. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे लोक असतात, आणि मामांनी आयुष्यभर अशा लोकांना फाटकावरून परत पाठवलं होतं. गंजीत हात घालून ओल ओळखायची, हीच त्यांची ख्याती. त्यांच्याच आवारात, त्यांच्याच भाचीने, भर उजेडात कापसाला पाणी मारलं होतं. मी वजन नाहीसं करून दाखवायला निघाले होते आणि पहिल्याच झटक्यात कापसाचं वजन वाढवून बसले.

"झाका! झाका!" मामा म्हणत होते. "फाटक लावा आधी! कोणी पाहिलं तर म्हणन, मॅनेजरच पाणी मारून राहिला!"

मामींनी आणि बायांनी ओला कापूस वेगळा करून उन्हात चादरीवर पसरला. एक बाई म्हणाली, "असा भिजवला तर शेर-पावशेर चढतेच, नाही का वो साहेब?" मामांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती पदर सावरून कापसाआड गेली.

पाण्याला बंदी आली. कोरडं काहीतरी हवं होतं. ज्वारीचे दाणे चालले असते, पण कापसात ज्वारी मिसळली तर तो कचरा. तेव्हा मीच एक हुशारीची कल्पना काढली: सरकी. कापसातच सरकी असते, तर कापसावर पडलेल्या सरकीला कोण नावं ठेवणार? दुसऱ्या डब्याला अंगठ्याएवढं भोक पाडून मी त्यात जिनच्या यंत्रातून निघालेली सरकी भरली आणि तो उचलला. काहीच पडेना. हलवला. पडेना. सरकीच्या अंगावर बारीक तंतू असतात, ते एकमेकांत गुंतून बसतात. मी मचाणावर उभी असतानाच माझी सरकी वजनरहित झाली होती.

"हे तर जमिनीवरच अंतराळ झालं," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा आता खुलला होता. "मिलॉर्ड, माझा अशील निर्दोष आहे. सिनेमा खरा आहे."

चाचांनी कुठून तरी ताडपत्री आणून गंजीवर अंथरली आणि पाण्याची बंदी उठली. मी पुन्हा पाण्याचा डबा सोडला. मामा म्हणाले, "इतक्या जलदीत कोणाले दिसते?" पुन्हा सोडला. बाया म्हणाल्या, थांबल्या धारा. मामा म्हणाले, नाही थांबल्या. चाचा म्हणाले, एक थांबली. पाच वेळा डबा पडला आणि पाच वेळा साक्षी फिरल्या.

"खालून काय दिसणार?" मी चिडून म्हटलं. "डब्याबरोबर पडणाऱ्यालाच नीट दिसेल."

हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं होतं की मलाच नवल वाटलं. मामा उठले. त्यांनी टोपी मामींकडे दिली.

"अवो, कुठं चालले?" मामी म्हणाल्या.

"मंगळावर," मामा म्हणाले.

मामांचं वजन तेव्हा दोन मणांच्या पुढेच असावं. ते शिडीने मचाणावर चढले तेव्हा मचाण कुरकुरलं. मी त्यांच्या हातात डबा दिला, भोकांवर बोटं कशी ठेवायची ते दाखवलं, आणि उडी मारल्यावर बोटं काढून धारांकडे पाहायला सांगितलं. मामांनी एकदा मामींकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे, आणि रामाचं नाव घेऊन उडी मारली. ताडपत्रीसकट ते गंजीत कमरेपर्यंत गेले. चाचा आणि मामींनी एकेक हात धरून त्यांना ओढून काढलं. त्यांची बंडी ओली चिंब होती.

बाबा खुर्चीतून पुढे झुकले. "साक्षीदाराने सांगावं. फळी सोडल्यानंतर धारा दिसल्या का?"

"नाही दिसल्या," मामा म्हणाले.

मी फळीवरच टाळी वाजवली.

"बोटं काढली होती?"

"काढली असन."

"डोळे उघडे होते?"

मामांनी ओली बंडी पिळली. "इतक्या उंचावरून उडी मारताना डोळे कोण उघडे ठेवते, भाऊजी?"

बाया हसून हसून ताडपत्रीवर बसल्या. बाबा उठायला लागले. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. ते असं पाहत तेव्हा तारीख पडत असे, आणि ही तारीख पडली तर पुढची कुठे पडणार हे मला ठाऊक होतं.

मी मचाणावरूनच बोलायला सुरुवात केली. कशी केली ते आठवत नाही. एवढं आठवतं की जे तोंडाला आलं ते मराठी कॉन्व्हेंटचं नव्हतं, कॉलेजचंही नव्हतं.

"थांबा बाबा. माझं झालं नाही अजून. मामा, इकडं पाहा." मामींनी सकाळी सोलायला ठेवलेल्या संत्र्यांतलं एक माझ्या पिशवीत होतं, ते मी काढलं. "हे संत्रं मी हळू फेकलं तर कुठं पडन?"

"गंजीवर," मामा म्हणाले.

"जोरात फेकलं तर?"

"फाटकाजवळ."

"आणखी जोरात?"

"स्टेशनवर पडन."

"त्याहून जोरात फेकलं, तर बडनेऱ्याला. मग नागपूरला. मग कलकत्त्याला. पृथ्वी गोल आहे. संत्रं खाली पडते तशी खालची जमीनही वाकत जाते. मी इतक्या जोरात फेकलं की संत्रं जेवढं पडते तेवढीच जमीन खाली वाकते, तर? मग ते पडतच राहीन आणि जमिनीला कधी लागणारच नाही. कलकत्ता, जपान, अमेरिका करत मागून पुन्हा अकोल्याला येईन."

मामांनी वळून मागे पाहिलं आणि डोकं थोडं खाली घेतलं.

"रॉकेट म्हणजे ते संत्रं," मी म्हटलं. "ते उडत नसते हो, सारखं खाली पडत असते. आतला माणूस पडून राहिला, चहा पडून राहिला, किटली पडून राहिली, सगळे एका वेगानं. मग चहा कपात कसा पडन? कपही पडूनच राहिला ना! आणि तरंगणं म्हणून वेगळं काही नसते तिथं. सिनेमात गाण्यापुरते तरंगतात ते खोटं आहे. ते पडणं आहे, मामांनी आता केलं तेच. फक्त खाली कापूस नाही."

चाचा हातातल्या फडक्याला बोटं पुसत होते. पुसता पुसता थांबले.

"बेटी," ते म्हणाले, "मग त्या संत्र्यात एखादा किडा बसला असन, तर त्याले मालूमच नाही पडणार का आपण पडून राहिलो म्हणून."

"हो!" मी ओरडले. "चाचा, हो! तोच किडा!"

माझ्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना हे समजावून सांगायला तीन तास आणि खडूने भरलेले दोन फळे लागले होते, तरीही आमच्यातल्या निम्म्यांना कळलं नव्हतं.

"किडा काय सांगते?" मामा म्हणाले. "किड्याची साक्ष कोण काढन?"

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "साक्षीदारानं डोळे मिटले. अर्जदाराचा निकालात हितसंबंध आहे. बाकी सगळा ऐकीव पुरावा, तो ग्राह्य नाही." आणि ते खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

आम्हाला वाटलं, घरात जायला. त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर घातला. फाउंटन पेन मामांच्या हातात दिलं. धोतराचा काचा मारला. माझ्या बाबांना मी कधी जिना भराभर चढतानाही पाहिलं नव्हतं. ते शिडी चढून वर आले, चाचांनी पुन्हा भरून वर दिलेला डबा माझ्या हातून घेतला, भोकांवर बोटं ठेवली आणि विचारलं, "केव्हा काढायची?"

"पाय सुटल्याबरोबर. आणि डोळे—"

"माहीत आहे."

त्यांनी उडी मारली. हवेत त्यांची शेंडी उभी राहिली, तेवढं मला वरून दिसलं. मग ताडपत्रीचा आवाज झाला आणि डब्यातलं सगळं पाणी त्यांच्या छातीवर आलं.

मामा धावले. बाबा उताणे पडले होते. चष्मा तोंडावर आडवा झाला होता, पण डोळे उघडे होते, अगदी मोठे.

"थांबल्या," ते आकाशाला म्हणाले. "धारा थांबल्या. पाणी डब्यातच होतं. भोकं उघडी होती आणि पाणी आतच होतं."

मग ते उठले, डबा परत भरून आणायला सांगितला आणि पुन्हा शिडीकडे चालू लागले.

"भाऊजी, आता काहून?" मामा म्हणाले.

"खात्री करावी लागते," बाबा म्हणाले. "एका पाहणीवर निकाल देत नाहीत."

त्यांनी आणखी तीन वेळा खात्री केली. त्यातल्या दुसऱ्या वेळी ते हसत होते. तिसऱ्या वेळी मामाही डोळे उघडे ठेवून त्यांच्याबरोबर उडी मारायला तयार झाले, पण मचाणाकडे पाहून चाचांनी मनाई केली.

दुपारी सगळे ओसरीवर बसले होते. मामा ओल्या कापसाची चादर उलटीपालटी करत होते आणि सांगत होते की सिनेमावाल्यांना हे मचाण परवडलं नसेल. माझा घसा बसला होता. बाबांनी चादरीवरून कापसाचा एक पुंजका उचलला, बोटांत चोळला, आणि कोणाकडेही न पाहता विचारलं, "एका गादीला रुई किती लागते?"

"कोणाच्या गादीले?" मामा म्हणाले.

"होस्टेलच्या खाटेला. लहान असतात म्हणे त्या."

मामांनी हिशेब करायला तोंड उघडलं, पण मामी आधी बोलल्या. "सहा शेर घ्या. पोरगी झोपेत लोळते."